विषारी रसायनांची बाधा : उपचार आधी, कागद लगेच, हक्क मुदतीत

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, हे कारागिरांचे शहर आहे. बिदरी आणि हिमरू ही इथली जुनी कामे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग सुटे भाग बनवणारे, प्लेटिंग करणारे, रंग मारणारे, वेल्डिंग करणारे, भंगार उचलणारे असे असंख्य छोटे धंदे उभे राहिले. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि पैठण येथील औद्योगिक वसाहतींवर आज आपली कितीतरी घरे चालतात.

या भरभराटीची दुसरी बाजूही सरकारदरबारी नोंदलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजून गुणांक जाहीर केले. ७० च्या वर गुणांक गेला म्हणजे स्थिती अत्यंत गंभीर, असे ठरले होते. अशी ४३ क्षेत्रे निघाली. त्यात आपले शहर होते आणि त्याचा गुणांक ७७.४४ होता. महाराष्ट्रात फक्त चंद्रपूर आणि डोंबिवली आपल्या पुढे होती.

हा आकडा हवा, पाणी आणि जमीन यांचा आहे. पण विषाच्या सर्वांत जवळ उभा असतो तो टाकीपाशी काम करणारा कारागीर, ड्रम फोडणारा मजूर आणि रंगाच्या खोलीतला पोऱ्या. त्याला बाधा झाली म्हणजे काय होते? मोहल्ल्यातून वर्गणी जमते, खासगी दवाखान्याचे बिल भागवले जाते, मालक चार पैसे देतो आणि नशिबात होते म्हणून प्रकरण संपते. सब्र हा मोठा गुण आहे. पण जिथे कायद्याने हक्क दिला आहे तिथे तो न मागता बेवा आणि यतीम मुलांना जकातीवर सोडणे याला सब्र म्हणता येणार नाही. नुकसानभरपाई ही खैरात नव्हे, तो हक्क आहे. मात्र या हक्काला मुदत असते आणि पुरावा लागतो. विषाचा मार तलवारीच्या जखमेसारखा दिसत नाही. पहिल्या काही दिवसांत कागद झाला नाही तर पुढे आजारही सिद्ध होत नाही आणि हक्कही. म्हणून हा विषय आम्ही या पानावर सविस्तर मांडत आहोत.

आपल्या धंद्यात विष कुठे आहे?

बिदरी आणि वेल्डिंग : बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा असतो, त्यात थोडे तांबे मिसळतात. जस्त जास्त तापले की पांढरा धूर निघतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला वेल्डिंग करतानाही हाच धूर येतो. काम केल्यावर काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो, म्हणून तो मलेरिया किंवा साथीचा ताप समजला जातो. वारंवार असे होत असेल तर भट्टीचा धूर बाहेर जात नाही असे समजावे. वेल्डिंगच्या धुरात इतरही धातू असतात आणि त्यांची बाधा दोन दिवसांत उतरणारी नसते.

प्लेटिंग : क्रोमच्या टाकीतून उठणारी वाफ नाकाच्या आतील पडद्याला भोक पाडते, हातावर न भरणाऱ्या जखमा करते आणि बऱ्याच वर्षांनी फुफ्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका वाढवते. तांबे, जस्त किंवा चांदीच्या मुलाम्यासाठी काही ठिकाणी सायनाइड वापरतात. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड पडले तर असा वायू निघतो की माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. म्हणून या दोन टाक्या, त्यांच्या बादल्या आणि त्यांच्या नाल्या कधीही एक होऊ देऊ नयेत.

सोने गाळणे आणि पितळ उजळणे : नायट्रिक ॲसिडमध्ये धातू टाकला की तपकिरी धूर येतो. हा धूर फसवा आहे. ज्याने तो ओढला त्याला थोडा खोकला येतो, मग बरे वाटते आणि तो घरी जातो. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी फुफ्फुसात पाणी भरून त्याचा श्वास कोंडतो. तपकिरी धूर छातीत गेला असेल तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक आहे.

रंग, पॉलिश आणि थिनर : थिनरमध्ये टोल्युईन, झायलिन यांसारखी द्रावके असतात. बंद खोलीत त्यांचा वास सतत घेतल्याने डोके दुखते, चक्कर येते, विसरभोळेपणा वाढतो. द्रावकात बेंझिन असेल तर रक्ताचा कर्करोग संभवतो. गाड्यांना मारला जाणारा दोन डब्यांचा, हार्डनर घातलेला रंग वेगळाच त्रास देतो. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही झटका येतो. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो. वायू आणि वाफ तो अजिबात अडवत नाही.

बॅटरी आणि शिसे : शिशाची पूड आणि धूर हळूहळू रक्तात साठतात. पोटात कळ येणे, बद्धकोष्ठ, अंगात रक्त कमी होणे, मनगटातली ताकद जाणे ही त्याची लक्षणे. कामाचे कपडे घरी धुतले की ही पूड घरात येते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. रक्तातील शिशाची तपासणी करता येते आणि ती या कामातल्या प्रत्येकाने ठरावीक काळाने करून घ्यावी.

रंगाई : सूत आणि रेशीम रंगवण्याच्या कामात बेंझिडीनपासून बनलेले जुने रंग मूत्राशयाच्या कर्करोगाला कारण ठरतात असे सिद्ध झाल्यावर भारत सरकारने १९९० च्या दशकात त्यांच्यावर बंदी आणली. त्यामुळे नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांतला स्वस्त रंग घेऊ नये.

भंगार : आपल्या बांधवांचा मोठा वर्ग या धंद्यात आहे, म्हणून हे जरा विस्ताराने. रसायनाचा रिकामा ड्रम रिकामा नसतो. तळाशी उरलेल्या द्रावकाची वाफ ड्रमभर पसरलेली असते आणि गॅस कटर लावताच ती बॉम्बसारखी फुटते. शिवाय कीटकनाशक, ॲसिड किंवा सायनाइड त्यात होते की काय, हे लेबल फाडलेल्या ड्रमवरून कळत नाही. रसायनांनी माखलेले ड्रम २०१६ च्या घातक कचरा नियमांत घातक कचरा म्हणूनच मोडतात. ते घेण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना लागतो आणि वाहतुकीसोबत फॉर्म १० असावा लागतो. परवाना नसलेल्याला स्वस्तात ड्रम देणारी कंपनी आपला धोका दुसऱ्याच्या गळ्यात बांधत असते.

यंत्राबाबतही तेच. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेले एक जुने यंत्र आले. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. ते फोडणाऱ्यांना आणि जवळ वावरणाऱ्यांना त्याची बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. माल विकणारी संस्था मोठी आहे म्हणून माल निर्धोक असतो असे नाही, हा मायापुरीचा धडा आहे.

पहिल्या तासात काय करावे?

बाधा झालेल्याला मोकळ्या हवेत न्या. पण टाकीत, गटारात किंवा बंद खोलीत कोणी बेशुद्ध पडला असेल तर दम धरून आत उतरू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा गेल्याने एकाच घरातले तिघे गेल्याची उदाहरणे देशभर घडली आहेत. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

अंगावर सांडले असेल तर कपडे लगेच काढा आणि अंग किंवा डोळे वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवा. ॲसिडवर सोडा किंवा चुना टाकत बसू नका. पोटात गेले असेल तर ओकारी काढू नका आणि मनाने दूध, मीठपाणी पाजू नका. ॲसिड खाली जाताना जाळते, वर येतानाही जाळते.

१०८ ची रुग्णवाहिका मागवा. ड्रमचे किंवा डब्याचे लेबल सोबत न्या, निदान मोबाईलवर त्याचा फोटो काढा. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टर योग्य उपचार करू शकतात. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देते. हा क्रमांक आपल्या डॉक्टरांनाही सांगा आणि कारखान्याच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

डॉक्टरांपुढे खरे बोला

मालकाच्या भीतीने किंवा भिडेने "घरी पडलो", "जेवणातून काहीतरी झाले" असे सांगण्याची पद्धत आहे. इथेच हक्क बुडतो. कुठे, कोणते काम करताना, कोणते रसायन, किती वाजता, हे स्पष्ट सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्या. घाटीत किंवा कोणत्याही रुग्णालयात मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करण्याची मागणी करा. पुढे न्यायालयात दहा साक्षीदारांपेक्षा या पहिल्या कागदाला अधिक वजन असते.

जुन्या आजारांत तर आणखी काळजी हवी. दमा, अंगातले रक्त कमी होणे, किडनीचा त्रास घेऊन आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर काय होते ते विचारतात, पण काम काय करता हे विचारायचे राहून जाते. आपण होऊन सांगावे : मी बारा वर्षे क्रोमच्या टाकीवर आहे, मी बॅटरी फोडतो, मी स्प्रे मारतो. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

कागद नसला तर काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण भोपाळ आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. सर्वाधिक मार कारखान्यालगतच्या गरीब वस्त्यांना आणि जुन्या शहराला बसला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मग लाखो लोकांच्या जखमांची वर्गवारी सुरू झाली. ज्यांच्याकडे त्या दिवसांचे दवाखान्याचे कागद अपुरे होते त्यांना आपला कायमचा आजार सिद्ध करणे जड गेले. बहुतेक जखमींच्या हाती आधी २५ हजार रुपये पडले आणि २००४ नंतर तेवढेच आणखी. जादा भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली.

उलट उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. औषध कोणते होते याची नोंद त्या वेळी पोलिसांच्या कागदांत झाली. सिंजेंटा कंपनीच्या एका कीटकनाशकाशी संबंधित ९६ प्रकरणे त्या कागदांत होती. या नोंदींच्या बळावर २०२० साली पीडित कुटुंबे थेट स्वित्झर्लंडपर्यंत पोचली आणि बाझेल येथे त्यांनी दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. पण विदर्भातल्या विधवा परदेशातील बलाढ्य कंपनीला जाब विचारू शकल्या, त्याला कोण्या शिपायाने वेळेवर लिहिलेला कागद कारण झाला.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, ही ताकीद सूरह बकरामध्ये आहे आणि आपण ती उधारीच्या वहीत पाळतो. शरीराच्या नुकसानीलाही तीच वही लावावी.

कायद्याचे दरवाजे

पहिला दरवाजा कामगाराचा. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत कामगार राज्य विमा योजना लागू होते. २०१७ पासून तिची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये ठेवण्यात आली. विमा असलेल्या कामगाराला उपचार, रजेच्या काळातील पैसे आणि कायम अपंगत्व किंवा मृत्यू झाल्यास मासिक लाभ मिळतो. विमा नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. पूर्वी यासाठी १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि या तरतुदी आता तिच्यात आहेत.

या संहितेत व्यावसायिक रोगांची यादी आहे. शिसे, पारा, क्रोमियम, आर्सेनिक, बेंझिन यांमुळे होणारे रोग आणि कामामुळे जडलेला दमा त्या यादीत आहेत. यांपैकी बहुतेक रोगांत त्या मालकाकडे सलग सहा महिने काम केले असेल तर तो रोग कामावरचा अपघात मानला जातो. दावा दोन वर्षांच्या आत करावा. आजाराने सलग कामावर जाणे बंद झाले त्या पहिल्या दिवसापासून ही मुदत मोजतात. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार भरपाई आयुक्तांना आहे, पण त्या भरवशावर राहू नये.

ठेकेदाराकडचा माणूस असला तरी, काम मुख्य कंपनीच्या धंद्याचाच भाग असेल तर कंपनीकडे भरपाई मागता येते. हजेरीपटावर नाव नाही म्हणून घाबरू नये. फाटकावरचा पास, मोबाईलवरून आलेला पगार, मुकादमाचे संदेश, सोबत्यांची साक्ष, हे सर्व पुरावेच आहेत.

दुसरा दरवाजा शेजाऱ्याचा. कारखान्यातून वायू सुटला किंवा विहिरीचे पाणी नासले आणि रहिवाशाला, दुकानदाराला, शेतकऱ्याला इजा झाली, तर २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते. आपल्यासाठी त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. मृत्यू, इजा, उपचाराचा खर्च, मालमत्तेचे नुकसान आणि बुडालेला धंदा यांचीही भरपाई मागता येते. व्यापाऱ्यांनी हे शेवटचे विशेष लक्षात ठेवावे. कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. मुदत पाच वर्षे आहे, पुढे फार तर ६० दिवस. याखेरीज १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे तातडीच्या मदतीचा अर्ज करता येतो, त्याचीही मुदत पाच वर्षे. इजा आणि मृत्यूबाबत या दोन्ही तरतुदी कामावरच्या कामगारासाठी नाहीत, कारण त्याला पहिला दरवाजा आहे. म्हणून आधी आपण कोणत्या दारात उभे आहोत हे पाहावे.

या कायद्यांमागे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ठरवले की घातक धंदा करणाऱ्याने कितीही खबरदारी घेतलेली असो, लोकांच्या नुकसानीची जबाबदारी त्याचीच आणि ती पूर्ण आहे.

तिसरा दरवाजा ग्राहकाचा. स्वतःच्या पोटासाठी स्वतः काम करणारा कारागीर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक ठरतो. धोक्याची सूचना नसलेले किंवा खोटे लेबल लावलेले रसायन विकले गेले आणि इजा झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. अट एवढीच की पक्के बिल हवे. जीएसटी वाचवण्यासाठी बिल न घेणारा हा दरवाजा स्वतःच बंद करतो.

चौथा दरवाजा पोलिसांचा. विषारी पदार्थ हलगर्जीपणाने हाताळून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती जपून ठेवावी. फिर्याद दिली म्हणून भरपाईचा दावा आपोआप दाखल होत नाही. दोन्ही कामे वेगळी करावी लागतात.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगार, औद्योगिक आपत्तीचे बळी आणि सर्व स्त्रिया यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

आपसातला समझोता

मृत्यू झाला की मोहल्ल्यातले चार वजनदार लोक मध्ये पडतात. मालक ओळखीचा, कधी नात्यातला. वीस-पंचवीस हजार आणि कफन-दफनाचा खर्च देऊन स्टँप पेपरवर अंगठा घेतला जातो. आता कायद्याचा हिशेब पाहा. कामगार मृत्यू पावला तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. वय ३० वर्षे असेल तर हा आकडा २०७.९८ आहे. वेतन १२ हजार धरले तर ६,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १२ लाख ४७ हजार ८८० रुपये. कुठे पंचवीस हजार आणि कुठे साडेबारा लाख!

आणि तो अंगठा मालकाच्याही कामाचा नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. वारसाच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल चालते. रक्कम महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि वर दंड बसू शकतो. मध्यस्थी करणाऱ्या बुजुर्गांनी हे दोन्ही बाजूंना समजावून सांगितले तर त्यांच्या हातून खरी नेकी घडेल.

आपण स्वतः मालक असू तर

आपल्यातले बरेच जण आज कारागीर आणि उद्या चार माणसे ठेवणारे मालक असतात. पाटी लहान असली, कारखाना म्हणून नोंद नसली तरी कामावरच्या माणसाच्या बाधेची जबाबदारी बहुतेक वेळा आपल्यावर येते. साडेबारा लाखांचा एक दावा छोटा धंदा बसवू शकतो. म्हणून कामगारांच्या भरपाईची पॉलिसी घ्यावी, ती सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी जाणकार उलमांना विचारावे, पण तोवर जबाबदारी थांबत नाही हे ध्यानात ठेवावे. मग तेवढी रक्कम बाजूला ठेवण्याची तयारी हवी.

खर्च सांगायचा तर पहिला खर्च हवेचा. भट्टी आणि टाकीच्या वर धूर ओढणारे छत्र व पंखा, रंगाच्या खोलीला बाहेर फेकणारा पंखा, वायू अडवणाऱ्या डब्याचा मास्क आणि तो डबा वेळेवर बदलणे. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, हात धुवायला पाणी व साबण. जेवण कामाच्या जागी नको. कामाचे कपडे कामावरच राहावेत. १८ वर्षांखालील मुलाला अशा घातक कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो आपला पुतण्या का असेना.

वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि छातीची तपासणी करून तिचे कागद जपावेत. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कामगाराच्या तपासणीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवण्यास सांगितले. ४० वर्षे का, तर हा रोग कधीकधी तेवढ्या उशिरा डोके वर काढतो. त्याच निकालात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला गेला.

मजुरी वेळेवर देण्याची हदीसची शिकवण आपण जुम्याला ऐकतो. मजुराची तब्येत ही मालकाकडे सोपवलेली अमानतच आहे. सकाळी धडधाकट आलेला माणूस संध्याकाळी तसाच घरी गेला पाहिजे.

थोडक्यात, घरात आणि दुकानात लावून ठेवण्यासाठी

१. मोकळी हवा, वाहते पाणी, १०८.
२. लेबलचा फोटो आणि डॉक्टरांपुढे खरे कारण.
३. केस पेपर, तपासण्या, औषधांची बिले, पगाराचा पुरावा यांची एक फाईल. मूळ कागद कोणालाही देऊ नये, झेरॉक्स द्यावी.
४. कामगाराचा दावा दोन वर्षांत, रहिवाशाचा पाच वर्षांत, ग्राहकाचा दोन वर्षांत.
५. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टँप पेपरवर अंगठा-सही नाही.
६. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.

मस्जिद कमिट्या, कारागीर संघटना आणि भंगार व्यापाऱ्यांच्या मंडळांनी या सहा ओळी मोठ्या अक्षरांत छापून वाटल्या तर खर्च फार नाही. जकातीचा पैसा ज्याला दुसरा आधार नाही त्याच्यासाठी आहे. ज्याचे देणे कारखान्याकडे निघते त्याला आधी त्याचे देणे मिळवून देऊ या.